समुपदेशक व्हायचंय? सोलापुरातून निघणारी वाट, पायरी-पायरीने

जून उजाडला की माझ्या फोनवर एकाच प्रश्नाची रीघ लागते. "मॅडम, काउन्सेलिंगचा कोर्स करायचाय. लायसन मिळेल असा सांगा." विचारणारी कधी नुकतीच बारावी झालेली मुलगी असते, कधी शाळेतले सर, तर कधी मुलं मोठी झाल्यावर "आता स्वतःचं काहीतरी करायचं" म्हणून उभ्या राहिलेल्या बाई. मी सगळ्यांना उलट विचारते, "लायसन नेमकं कशाचं हवंय?" पलीकडे एकदम शांत होतं.

त्यांचा तरी काय दोष? वकिलाला सनद असते, डॉक्टरांची नोंदणी असते. समुपदेशकाच्या बाबतीत मात्र आपल्याकडे असा एकच सर्वमान्य कागद वर्षानुवर्षं नव्हता. त्यामुळे तीन दिवसांचं शिबिर केलेला माणूसही पाटी लावतो आणि पाच-सहा वर्षं घासून शिकलेली मुलगीही तीच पाटी लावते. म्हणून या वाटेवर दोन गोष्टी पहिल्यापासून वेगळ्या धरा. कोणत्या कागदाने काय करता येतं ही एक. आणि समोर बसलेल्या माणसाचं ऐकायला तुम्हाला कुणी, किती तास शिकवलं ही दुसरी. सगळे पहिलीच्या मागे धावतात. माझ्या अनुभवात माणूस घडतो तो दुसरीने, पण पहिली चुकली तर पुढे दारं बंद होतात. त्यामुळे कागदांपासूनच सुरुवात करू.

आधी कागदांचा गुंता

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. करून मनोविकारशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. गोळ्या तेच लिहून देतात. समुपदेशकाने औषध सुचवायचं नाही आणि चालू असलेलं बंद करायलाही सांगायचं नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे औषधं न देता मानसिक आजारांची तपासणी आणि उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, ही कायद्याने ठरवलेली ओळख आहे. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद वैधानिक झाली. लोक तिला 'आरसीआय' म्हणतात. या परिषदेने मान्य केलेल्या संस्थेत मान्य अभ्यासक्रम केला की नाव केंद्रीय नोंदवहीत चढतं आणि क्रमांक मिळतो. नोंदणी नसताना हे काम केलं तर त्याच कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दंडाची रक्कम वाचून हसू येतं, कैदेची वाचून येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या या परिषदेच्या मान्यतेलाच बांधलेली आहे. म्हणजे साधं एम.ए. करून पाटीवर 'क्लिनिकल' लिहायचं नाही. 'एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी' नावाची पदवी हातात असली तरी त्या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता होती का, हे तपासल्याशिवाय नाही.

समुपदेशक तिसऱ्या रांगेत येतो. त्याच्यासाठी २०२१ चा कायदा महत्त्वाचा आहे. या कायद्याने राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग आणला. त्याच्या परिशिष्टात वर्तन-आरोग्य असा स्वतंत्र गट आहे. पुनर्वास परिषदेकडे असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळून बाकीचे मानसशास्त्रज्ञ, आरोग्य समुपदेशक आणि वैद्यकीय व मनोसामाजिक कार्यकर्ते त्यात येतात. राज्य परिषदेकडे नोंदणी व्हावी, अशी रचना त्यात आहे. आज बी.ए.च्या पहिल्या वर्षात असणाऱ्यांनी या आयोगाचं नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं. प्रवेशाचा अर्ज भरायच्या आठवड्यात आयोगाचं आणि पुनर्वास परिषदेचं संकेतस्थळ स्वतः उघडून बघावं. एजंटच्या व्हॉट्सॲपवरचा कागद चालणार नाही.

पदवीचं वर्ष वाया घालवू नका

बारावीची शाखा कोणतीही चालते. बी.ए.ला मानसशास्त्र मुख्य विषय घ्या. सोलापुरातली महाविद्यालयं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. २००४ साली झालेलं हे विद्यापीठ शहराबाहेर केगावला, पुणे रस्त्यावर आहे. बी.ए.साठी शहर सोडायची गरज नाही. या तीन-चार वर्षांत संख्याशास्त्राला घाबरू नका आणि इंग्रजी वाचनाची सवय लावा, कारण पुढची पुस्तकं बहुतेक इंग्रजीतच आहेत. मराठी माध्यमातून आल्याची लाज मात्र सोडा. ती भाषा पुढे तुमची भाकरी होणार आहे.

पूर्वी नोकरी सांभाळून दूरस्थ पद्धतीने मानसशास्त्राची पदवी घ्यायची सोय होती. माझ्या ओळखीच्या कितीतरी शिक्षिकांनी तसं एम.ए. केलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने ती वाट आता बंद केली आहे. २०२१ च्या कायद्यात येणारे विषय, त्यात मानसशास्त्रही आलं, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकवायचे नाहीत, असा आदेश निघाला. तरीही "घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी" अशी जाहिरात दिसली तर तिथे पैसे भरू नका.

एम.ए. कुठे आणि कसं

इथे सोलापूरकराला खरा निर्णय घ्यावा लागतो. पुण्याला सकाळी जाऊन रात्री परत येता येतं म्हणून कितीजण हुतात्मा एक्सप्रेसच्या भरवशावर प्रवेश घेतात. तसं करू नका. वर्ग कसाबसा होईल, पण प्रात्यक्षिक बुडेल, आणि या शिक्षणात प्रात्यक्षिकच शिक्षण आहे. पुणे-मुंबई करायचं असेल तर वसतिगृहाची सोय आधी बघा. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर मुदतीत अर्ज करा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या चकरा मे महिन्यातच उरका.

महाविद्यालय निवडताना इमारत आणि फी नंतर बघा, आधी चार प्रश्न विचारा. दोन वर्षांत विद्यार्थी प्रत्यक्ष माणसांसमोर किती तास बसतो? कुठे बसतो? त्यानंतर त्याच्याशी कोण बोलतं? आणि ती व्यक्ती स्वतः आजही क्लायंट बघते का? शेवटच्या प्रश्नावर प्राध्यापक अडखळले तर समजून घ्या.

पुढे क्लिनिकलकडे जायचं असेल तर आणखी एक बदल माहीत हवा. दोन वर्षांचं एम.फिल. ही जुनी राजमार्गाची वाट होती. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झालं. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि मनोसामाजिक कार्य या दोन विषयांना तेवढी २०२५-२६ च्या सत्रापर्यंत सवलत मिळाली होती. त्यामुळे दादा-ताईंनी केलेली वाट डोळे मिटून धरू नका. पुनर्वास परिषदेने आणलेले नवे अभ्यासक्रम आणि त्यांच्या मान्यताप्राप्त संस्थांची यादी बघूनच ठरवा. जागा मोजक्या असतात, प्रवेश परीक्षा आणि मुलाखत असते. बेंगळुरूची निम्हान्स आणि पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था ही नावं तुमच्या कानावर येतीलच.

समाजकार्याची वाटही विसरू नका. एम.एस.डब्ल्यू. करून आलेली मुलं मला कधीकधी मानसशास्त्रवाल्यांपेक्षा तयार वाटतात. घर, पगार, रेशनकार्ड, दारू, सासू हे सगळं एकाच कागदावर मांडायची त्यांना सवय असते.

चकचकीत फ्रेमचा मोह

हा अनुभव माझा स्वतःचा आहे. एम.ए. झाल्यावर मला वाटलं, हातात काहीतरी 'अधिकृत' हवं. एका संस्थेचा सहा महिन्यांचा डिप्लोमा केला. नाव सांगत नाही. रविवारी दोन तास व्याख्यान, शेवटी हॉटेलच्या सभागृहात काळा गाउन घालून फोटो. प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का आणि 'आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त' अशी अक्षरं. मान्यता कुणाची, हे मी विचारलंच नव्हतं. नोकरीच्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी ते बाजूला सरकवलं आणि विचारलं, "एकाही क्लायंटच्या नोंदी दाखवू शकाल?" माझ्याकडे एकही नव्हती. ती फ्रेम आता माळ्यावर आहे.

छोटे कोर्स वाईट नसतात. विचार-वर्तन उपचारपद्धती, व्यसनमुक्ती, कुटुंब समुपदेशन, खेळातून उपचार, ही कौशल्यं एम.ए.नंतर छोट्या प्रशिक्षणातूनच येतात. भाजीनंतर चटणी वाढावी तसे ते घ्यावेत. नुसत्या शेंगाचटणीवर जेवण उरकायला गेलात तर तोंड पोळेल.

तास: इथे थांबा

समुपदेशन शिकणं म्हणजे गप्प बसायला शिकणं, असं मी विद्यार्थ्यांना सांगते आणि त्यांना ते खोटं वाटतं. म्हणून पहिल्या महिन्यात तिघातिघांचे गट करते. एक बोलणार, एक ऐकणार, एक नुसतं बघणार. बोलणाऱ्याने स्वतःची खरी पण लहान अडचण आणायची. दहा मिनिटं. बहुतेक ऐकणारे दुसऱ्याच मिनिटाला सल्ल्यावर येतात.

पुढची पायरी शब्दशः नोंद. क्लायंटची लेखी परवानगी घेऊन बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, मग कागदाचे दोन भाग करून डावीकडे त्यांचे शब्द आणि उजवीकडे आपले, जसेच्या तसे लिहायचे. अर्ध्या तासाचं बोलणं उतरवायला तीन तास लागतात. हात दुखतो, आणि आपण काय बोललो ते वाचून लाजही वाटते. एका विद्यार्थ्याच्या कागदावरच्या या दोन ओळी. ओळख लपवण्यासाठी तपशील बदलले आहेत.

डावीकडे: "रात्री माग बंद झाला तरी माझ्या कानात चालूच असतोय."

उजवीकडे: "म्हणजे तुम्हाला झोपेचा त्रास आहे. झोपण्याआधी मोबाइल बघू नका."

मी लाल पेन्सिलने एवढंच लिहिलं: ते 'झोप' म्हणालेच नाहीत. मुलगा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. पुढच्या भेटीत त्याने विचारलं, "कानात काय चालू असतं?" तेव्हा त्या गृहस्थांनी कर्जाचा विषय काढला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने १९५७ मध्ये मांडलेल्या समानुभूती, बिनशर्त स्वीकार आणि सच्चेपणा या अटी परीक्षेला सगळेच पाठ करतात. कागदावर त्या अशा उतरतात.

या तपासणीला देखरेख म्हणतात, आमच्यात सगळे 'सुपरव्हिजन'च म्हणतात. अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त पदव्युत्तर अभ्यासक्रमात आधी १०० तासांचं प्रात्यक्षिक आणि मग ६०० तासांची इंटर्नशिप असते. त्या ६०० पैकी किमान २४० तास थेट क्लायंटसमोर जातात, तेही देखरेखीखाली. आपल्या एम.ए.त एवढे तास क्वचित भरतात. मग ते आपणच भरायचे. एक वही करा. तारीख, वेळ, प्रत्यक्ष भेट की गटकाम, देखरेख कुणी केली, त्यांची सही. क्लायंटचं नाव नाही, फक्त सांकेतिक क्रमांक. उद्या कोणत्याही परिषदेने किंवा परदेशी विद्यापीठाने पुरावा मागितला तर ही वहीच उपयोगी पडते. दर चार-पाच भेटींमागे देखरेखीचा एक तास, हे माझं प्रमाण. देखरेखीची फी परवडत नसेल तर चौघांनी मिळून गट करा.

तास मिळवायचे कुठे? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, सिव्हिलचा मनोविकार विभाग, व्यसनमुक्ती केंद्रं, विशेष मुलांच्या शाळा, महिलांसाठी काम करणाऱ्या संस्था. महाविद्यालयाचं पत्र घेऊन जा, कामाचे वार लिहून न्या. "काहीही काम द्या" म्हणालात तर फाइली लावायला बसवतील. तेही महिनाभर करा. नोंदी कशा असतात ते कळतं.

सोलापूरची भाषा हा वेगळा पेपर

पुस्तकात 'ताणतणाव' असतो. आपल्या शहरात तो शब्द कुणी घेऊन येत नाही. येतं ते "डोकं जड झालंय", "छातीत धडधडतंय", "जीव लागंना", "बाहेरचं काहीतरी हाय". आणि सोलापूर नुसतं मराठी नाही. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, कुठे दखनी उर्दू.

एकदा एका विद्यार्थिनीने नोंदीत लिहिलं: 'अक्का बाधा झाल्याचं सांगतात. भुताखेतावर विश्वास. अंधश्रद्धा.' अक्का विडी कामगार, तेलुगू भाषक. मी विचारलं, त्यांचे शब्द जसेच्या तसे काय होते? "बाधगा उंदी म्हणाल्या." तेलुगूत बाध म्हणजे दुःख. त्या बाई फक्त म्हणत होत्या की मला वाईट वाटतंय. भुताला आम्हीच खोलीत आणलं होतं. तेव्हापासून माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येकाने दुःख, भीती, लाज, राग यांचे चार भाषांतले शब्द लोकांकडून विचारून गोळा करायचे, हा पहिला गृहपाठ असतो.

वेळेचंही तसंच. हजार विड्यांमागे मजुरी मोजणाऱ्या बाईला सकाळी अकराची वेळ देणं म्हणजे तिचा रोज बुडवणं. ती आली नाही की आपण नोंदीत 'सहकार्य नाही' लिहितो. माल जमा करून परतताना ती येऊ शकते का, हे आधी विचारा.

कुठे गुप्तता पाळायची, कुठे मोडायची

पहिल्या भेटीतच सांगायचं की इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, आणि त्याच वाक्याला जोडून अपवादही सांगायचे. जिवाला धोका असेल तर जवळच्या माणसाला कळवावं लागतं. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. "घरची इज्जत" म्हणून नातेवाईक पाया पडतात. तुम्ही विद्यार्थी असाल तर त्या क्षणी एकट्याने निर्णय घेऊ नका, देखरेख करणाऱ्यांना लगेच फोन करा. पण कळवायचं की नाही, हा प्रश्न मात्र उरत नाही.

आत्महत्येबद्दल थेट विचारायला शिका. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते, हा गैरसमज आहे. नैराश्य मोजण्याची पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची तपासणी सगळीकडे वापरतात. तिचा नववा प्रश्न याबद्दलच असतो आणि नवखे विद्यार्थी नेमका तोच घाईत वाचतात. आरशासमोर उभं राहून म्हणा: "मरून जावं, असं मनात येतं का?" आवाज कापायचा थांबेपर्यंत म्हणा. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तो क्रमांक तुमच्या टेबलावर चिकटवलेला हवा.

पोटापाण्याचं

गरज आहे का, असं विचाराल तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. नोकऱ्या मात्र गरजेच्या प्रमाणात नाहीत. शाळा, किशोरवयीनांसाठीची सरकारी मैत्री क्लिनिक, एचआयव्ही तपासणी केंद्रं, व्यसनमुक्ती केंद्रं, अडचणीतल्या महिला-मुलांसाठीचे पोलिसांचे भरोसा सेल या जागा आहेत, पण बऱ्याच कंत्राटी. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असावेत ही तरतूद १९८४ च्या कायद्यातच आहे, तिथे समाजकार्याची पदवी कामी येते. पहिली दोन-तीन वर्षं पगाराकडे बघून रडू येईल. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर "एवढं शिकून काय मिळवलंस" हे दर दिवाळीला ऐकावं लागेल.

परदेशी जायचं असेल तर हिशेब वेगळा. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा परवाना निराळा. न्यूयॉर्कमध्ये ६० क्रेडिटची पदव्युत्तर पदवी, त्यानंतर देखरेखीखाली ३,००० तास आणि परीक्षा, मग परवाना. तो परवाना घेऊन सोलापुरात आलात तर तुम्ही चांगले शिकलेले असाल, पण इथल्या नोंदणीसाठी इथलीच दारं ठोठवावी लागतील.

शेवटी पाटी आणि खोली

पाटीवर नाव, खरी पदवी, आणि नोंदणी असेल तर क्रमांक. 'हमखास', 'शंभर टक्के' असले शब्द नकोत. नोंदी कुलपात. फी आधी सांगायची, आणि कमी फीच्या एक-दोन जागा राखायच्या.

खोली भाड्याने घेताना दार लावून कुणाला तरी आत बोलायला सांगा आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसा. माझ्या पहिल्या खोलीत आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं. एक बाई रडून बाहेर आल्या तर बाकावरच्या मावशींनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाल्या, "सोड त्याला, माहेरी जा." दोन महिन्यांत मी ती जागा सोडली. आताच्या खोलीच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग आहे. घरमालक संकोचून म्हणाले होते, "मॅडम, आवाजाचा त्रास होईल हो." मी लगेच आगाऊ रक्कम दिली. त्या खटखटीत आतलं एक अक्षर बाहेर जात नाही.